धंदा चालतोय पण आपलंच मन उठलंय आणि टीम फक्त तास भरतेय, अशा वेळी काय करायचं

तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला. शाळेच्या बॅगा शिवायचं छोटं युनिट आहे, सहावं वर्ष चालू आहे, नऊ माणसं आहेत, ऑर्डरी येतात, नफाही बरा आहे, पण सकाळी शटर उघडताना पोटात गोळा येतो आणि हे सगळं कशासाठी चाललंय तेच कळेनासं झालंय. टीम सांगितलं तेवढंच करते. इन्सेंटिव्ह लावला तर दोन महिने फरक पडला आणि मग परत पहिले पाढे, भिंतीवर मिशन स्टेटमेंट लावलं ते कोणाला आठवत नाही, एक मोटिवेशनल स्पीकर पण आणून झाला. आणि शेवटी विचारलंय की आधी स्वतःचा पर्पज शोधू का आधी टीमचं बघू.

मी मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरमध्ये तांब्याची तार नव्याने भरून द्यायचं वर्कशॉप चालवतो, २६ वर्षं झाली. दोघांनी सुरू केलं होतं, आज चौदा जण आहोत. आठव्या-नवव्या वर्षी मी बरोबर तुमच्याच जागी उभा होतो, त्यामुळे जे करून बघितलं, जे फसलं आणि जे टिकलं ते सांगतो, उत्तर लांबणार आहे.

सगळ्यात आधी एक तपासून घ्या. मन उठलंय म्हणतो तेव्हा खरंच पर्पज हरवलाय की माणूस नुसता दमलाय आणि पैशाच्या काळजीने पोखरलाय? मला त्या वर्षी वाटायचं की या कामातला माझा रसच संपला, वर्कशॉप विकून टाकावं इथपर्यंत विचार गेला होता. नंतर शांत बसून बघितलं तर एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे आमचं तीन महिन्यांचं पेमेंट अडकलं होतं, माझा अर्धा दिवस वसुलीच्या फोनवर जात होता आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नव्हती. ते पेमेंट सुटलं, त्या गिऱ्हाइकाला मी अ‍ॅडव्हान्सशिवाय काम करायचं बंद केलं, चार दिवस घरी झोप काढली, आणि निम्मं मन जागेवर आलं. निम्मंच आलं, उरलेल्या निम्म्याबद्दल खाली लिहितो, पण तुमची उधारी, झोप आणि शेवटची सुट्टी कधी घेतली होती हे आधी बघा, नाहीतर थकव्यावर तत्त्वज्ञानाचं औषध घ्याल आणि ते लागू पडणार नाही. आणि जर सलग कित्येक आठवडे कशातच गोडी वाटत नसेल, घरी मुलांबरोबरसुद्धा, तर डॉक्टरांना दाखवा, ती वेगळी गोष्ट आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता उरलेलं निम्मं. मी दोन आठवडे रोज संध्याकाळी एका वहीत दोनच ओळी लिहिल्या, आज कशाने बरं वाटलं आणि आज कशाने जीव गेला. दोन आठवड्यांनी वही उघडली तर बरं वाटलेल्या जवळजवळ सगळ्या नोंदी अशा दिवसांच्या होत्या जेव्हा मी स्वतः एखादी मोटर हातात घेतली होती, फॉल्ट शोधला होता, चालू करून दिली होती. आणि असे दिवस होते चौदापैकी तीन! बाकीचे अकरा दिवस मी ऑफिसात बसून कोटेशन, फोन, जीएसटी, भांडणं मिटवणं हेच करत होतो आणि त्यातलं एकही काम संध्याकाळी पूर्ण झालेलं नसायचं. आपण छोट्या धंद्याचे मालक इथेच फसतो असं मला वाटतं. आपण धंद्यात आलो ते हाताच्या कामामुळे, ते काम दिवसाला दहा वेळा पूर्ण व्हायचं आणि पूर्ण झालेलं दिसायचं, मग धंदा वाढला तसं ते काम दुसऱ्यांच्या हातात गेलं आणि आपल्याकडे उरली अशी कामं ज्यांना शेवटच नाही.

हे फक्त माझं मत नाही. टेरेसा अमाबिले म्हणून संशोधक आहेत, त्यांनी ७ कंपन्यांमधल्या २३८ लोकांकडून रोजच्या कामाच्या डायऱ्या लिहून घेतल्या, जवळजवळ १२,००० नोंदी जमल्या, आणि त्यातून दिसलं की माणसाचा कामातला दिवस चांगला जाण्यामागे सगळ्यात जास्त वेळा एकच गोष्ट होती, ज्या कामाला काही अर्थ आहे त्यात आज थोडं तरी पुढे सरकल्याची जाणीव. थोडं म्हणजे खरंच थोडं, मोठा विजय वगैरे लागत नाही. आणि गंमत बघा, त्यांनी वेगळं मॅनेजर लोकांना विचारलं की माणसांना कशाने जोर येतो, तर या गोष्टीला पहिला नंबर देणारे अगदी मोजके निघाले.

म्हणून मी एक केलं, दर गुरुवारी सकाळचे तीन तास मी बेंचवर बसतो, स्वतः एक मोटर खोलतो. फोन बंद. गेली पंधरा-सोळा वर्षं हे चालू आहे. काही जण म्हणतात मालकाने हाताने काम करणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, धंद्यावर काम करा धंद्यात नको. मला ते पटत नाही, निदान छोट्या धंद्याला तरी नाही. त्या तीन तासांत मला माझं काम परत दिसतं, आणि वरून हेही कळतं की नवीन आलेली कॉपर वायर कशी आहे, कुठला टूल झिजलाय, पोरं कशावर अडतायत. तुम्ही शिलाई मशीनवर शेवटचे कधी बसला होता?

पर्पजचं म्हणाल तर तो खोलीत एकटं बसून विचार करून मला कधी सापडला नाही. प्रयत्न खूप केला, मला काय आवडतं, माझी मूल्यं काय, दहा वर्षांनी मी कुठे असेन असलं सगळं लिहून झालं. सापडला तो एका हॉस्पिटलच्या पंप रूममध्ये. त्यांच्या पाण्याच्या पंपाची मोटर जळली होती, स्टँडबाय पंप आधीच बंद पडलेला, आम्ही रात्रभर बसून रिवाइंड केली, वार्निश मारून ओव्हनमध्ये सुकवली, आणि पहाटे बसवायला नेहमी जाणारा माणूस नव्हता म्हणून मी आमच्या सगळ्यात जुन्या वाइंडरला बरोबर घेऊन गेलो. हा माणूस अकरा वर्षं माझ्याकडे कॉइल भरत होता आणि त्या अकरा वर्षांत त्याने स्वतः भरलेली एकही मोटर जागेवर चालताना बघितली नव्हती, मला हे तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. मोटर चालू झाली, वर टाकीत पाणी पडायला लागलं, आणि तिथल्या एक सिस्टर खाली आल्या आणि त्यांनी त्याला विचारलं, तुम्ही केलंत का हे? मग त्यांनी सांगितलं की रात्रीपासून डायलिसिसचे पेशंट थांबवून ठेवले होते, डायलिसिसला किती पाणी लागतं वगैरे. एका पेशंटच्या एका वेळच्या डायलिसिसला मशीनमधून सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी जातं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. परत येताना तो गाडीत काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून जॉब कार्ड हातात घेतलं की तो विचारायला लागला, ही मोटर कुठे लागते?

त्याने हा प्रश्न विचारल्यावर माझं डोकं उघडलं. जॉब कार्डवर आमच्याकडे एचपी, आरपीएम, स्लॉट किती, वायरचा गेज, टर्न्स, सगळं असायचं, फक्त ती मोटर कुणाचं काय चालवते हे नसायचं. आम्ही एक ओळ वाढवली, “कुठे लागते, बंद पडली तर कोण अडतं.” गिऱ्हाईक मोटर टाकायला आलं की आम्ही ते विचारतो आणि लिहितो. याला खर्च शून्य. आणि मला विचाराल तर २६ वर्षांत केलेल्या सगळ्या उपायांमध्ये याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही.

पुढे वाचनात आलं की हे मोजूनही बघितलेलं आहे. अ‍ॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये छापलेला प्रयोग आहे, एका विद्यापीठात फोन करून स्कॉलरशिपसाठी देणग्या मागणारे लोक होते, कंटाळवाणं काम, समोरचा बहुतेक वेळा नाहीच म्हणतो. त्यातल्या काहींची त्या स्कॉलरशिपवर शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभराने बघितलं तर त्या लोकांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमलेले पैसे १७१ टक्क्यांनी वाढले होते. आणि तुमच्या भिंतीवरच्या बोर्डासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की दुसऱ्या एका गटाला विद्यार्थ्याचं नुसतं पत्र वाचायला दिलं होतं, त्यांच्यात तसा फरक दिसला नाही.

तेव्हा तुमच्या “आधी मी का आधी टीम” या प्रश्नाला माझं उत्तर असं की दोघांनी मिळून एकाच ठिकाणी जायचं आहे, तुमची बॅग जिथे वापरली जाते तिथे. एक लहान मूल ती बॅग रोज पाठीवर घेऊन जातं, वर्षभर, पावसात, बसमध्ये, वर्गात आपटत. पट्टा तुटला तर ते मूल एका खांद्यावर सगळं वजन घेतं. चेन बिघडली तर वह्या भिजतात. तुमच्या नऊ जणांपैकी पट्ट्याला बारटॅक, म्हणजे जोडावरचे पक्के दाट टाके मारणाऱ्या माणसाने सहा महिने वापरलेली स्वतःच्या हातची बॅग कधी बघितली आहे का? बहुतेक नसेल. एखाद्या शाळेशी बोला, जुन्या बॅगा बदलून नवीन देतो म्हणा, आणि त्या जुन्या बॅगा आणून टेबलावर मांडा. कुठे उसवली, चेनचा कुठला रनर गेला, बूड कुठे घासलं. कोणी कोणाला ओरडायचं नाही, नुसतं बघायचं. मी पैजेवर सांगतो की त्या टेबलाभोवती तुमचे लोक जितकं बोलतील तितकं त्या स्पीकरच्या पूर्ण कार्यक्रमात बोलले नसतील.

बोर्डावरच्या वाक्याची एक कसोटी मी लावतो, या वाक्यामुळे आपण कधी एखादं काम नाकारलं का, किंवा जास्त खर्च सोसला का? नसेल तर ते वाक्य नुसतं रंगकाम आहे. आमचं उदाहरण देतो. रिवाइंडिंगला जुनी वाइंडिंग काढायला ती आधी जाळावी लागते. घाईत लोक गॅसची टॉर्च मारतात, लवकर निघते. पण स्टेटरचा, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाचा, कोअर पातळ पत्र्यांचा असतो आणि पत्र्यांच्या मध्ये इन्सुलेशनचा थर असतो, कोअरचं टेंपरेचर साधारण ३७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर तो थर खराब होण्याचा धोका असतो, मग कोअर लॉस, म्हणजे कोअरमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज वाढते, मोटर चालते पण गरम चालते, वीज जास्त खाते आणि लवकर परत जळते. गिऱ्हाइकाला हे दिसत नाही. कोणालाच दिसत नाही, फक्त जाळणाऱ्याला माहीत असतं. आम्ही कंट्रोल असलेला बर्न-आउट ओव्हन घेतला, प्रत्येक मोटरला काही तास जास्त लागायला लागले, आणि “दोन तासांत द्या” म्हणणारी काही गिऱ्हाइकं सोडली. ज्या दिवशी मी पोरांसमोर एका जुन्या गिऱ्हाइकाला फोनवर नाही म्हटलं त्या दिवशी त्यांना कळलं की हे खरं आहे. त्याआधी दोन वर्षं मी “क्वालिटी, क्वालिटी” म्हणत होतो, त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

आता पैशाचं. याच्यावर थोडं स्पष्ट बोलतो कारण पर्पजच्या नावाखाली कमी पगारात जास्त राबवून घेणारे मालक मी बघितलेत आणि मला त्याचा मनापासून राग येतो. एक काळ असा होता की आमच्याकडे पगार उशिरा व्हायचे. अशाच एका महिन्यात, पगार नऊ दिवस लांबलेला असताना, मी सगळ्यांना गोळा करून आपण किती महत्त्वाचं काम करतो यावर बोललो, आणि मला वाटलं बोलणं चांगलं झालं. सगळे गेल्यावर एक जण मागे थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, “साहेब, मुलीची फी भरायची आहे, निम्मे तरी मिळतील का?” ते ऐकून मला जे वाटलं ते मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर आजपर्यंत पगाराची तारीख चुकली नाही, चुकायची वेळ आली तेव्हा माझा पगार थांबला, त्यांचा नाही.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली दोनशेच्या आसपास इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवरून हेच मांडलं होतं की माणूस नाराज कशाने होतो आणि खूश कशाने होतो या दोन वेगवेगळ्या याद्या आहेत. पगार, कामाची जागा, नियम, साहेबाचं वागणं, हे बिघडलं की माणूस नाराज होतो पण हे नीट केलं म्हणून तो झोकून देऊन काम करेल असं होत नाही, त्यासाठी कामात काहीतरी साध्य होणं, त्याची दखल घेतली जाणं, जबाबदारी मिळणं लागतं. त्यांच्या पद्धतीवर नंतर बरीच टीका झाली, पण वर्कशॉपमध्ये उभं राहिल्यावर हा फरक मला रोज दिसतो. म्हणून आधी पहिली यादी. पगार वेळेवर, बाजारात आहे तेवढा तरी, ओव्हरटाइमचा हिशोब चोख, पंखे चालू, टॉयलेट स्वच्छ, बसायची खुर्ची नीट. तुमच्याकडे शिलाईवाले आठ-आठ तास मान खाली घालून बसतात, त्यांच्या डोक्यावरचा उजेड पुरेसा आहे का बघा. हे मोटिवेशन नाही, ही साधी माणुसकी आहे, आणि ती नसेल तर पुढचं सगळं बोलणं लोकांना ढोंग वाटतं, बरोबरच वाटतं.

तुमचा इन्सेंटिव्ह दोन महिन्यांत का मेला ते आता सांगतो, कारण माझाही तसाच मेला. मी महिन्याला किती मोटर काढल्या त्यावर बोनस लावला होता. आकडा वाढला. मग बघितलं तर छोट्या सोप्या मोटरवर उड्या पडायला लागल्या आणि मोठ्या किचकट मोटर कोपऱ्यात धूळ खात पडल्या, रिटर्न येणाऱ्या मोटर वाढल्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या लोकांनी नव्या पोरांना शिकवणं बंद केलं, कारण पोराला समजावण्यात अर्धा तास गेला की त्यांचा आकडा कमी व्हायचा. आधी ते फुकट शिकवायचे, प्रेमाने शिकवायचे! मी पैसे देऊन ते मारलं.

एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञांचा १९७१ चा प्रयोग आहे, विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली, एका गटाला मध्येच एका दिवसापुरते प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले, नंतर बंद केले. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात तो गट कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावायला लागला. इस्रायलमध्ये हैफाच्या पाळणाघरांमध्ये केलेला एक प्रयोगही असाच, मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाला, कारण आधी शिक्षिकेला थांबवून ठेवल्याची लाज वाटायची, आता तो उशीर विकत घेता यायला लागला. आणि दंड काढून टाकल्यावरही उशीर खाली आला नाही. हे दुसरं जास्त लक्षात ठेवा, कारण त्याचा अर्थ तुमचा इन्सेंटिव्ह नुसता काढून टाकल्याने आपोआप जुने दिवस येणार नाहीत.

मी कसा काढला सांगतो. सगळ्यांना बसवून सांगितलं की ही स्कीम माझी चूक होती, तुमची नाही, आणि गेल्या वर्षभरात प्रत्येकाला सरासरी जेवढा बोनस मिळाला तेवढा त्याच्या मूळ पगारात मिसळून टाकला, कोणाच्याही हातात एक पैसा कमी जाऊ दिला नाही. हातात आलेलं काढून घेतलं की माणूस ते वर्षानुवर्षं विसरत नाही. त्याऐवजी वर्षाच्या शेवटी नफ्यातला एक ठरलेला हिस्सा सगळ्यांमध्ये वाटतो, हिशोब उघडा ठेवून. याने कोणी जास्त वेगाने कॉइल भरत नाही, तो हेतूही नाही, पण तांब्याची वायर वाया गेली की आता कोणीतरी दुसराच ओरडतो, मला ओरडावं लागत नाही.

“सांगितलं तेवढंच करतात” ही तुमची तक्रार आहे ना, त्याच्यावर एक प्रयोग करा, एक दिवस खिशात कागद ठेवा आणि किती वेळा कोणीतरी तुम्हाला काहीतरी विचारायला आलं तेवढ्या रेघा मारा. माझ्या एका दिवसात ४१ झाल्या. त्यातल्या निदान तीसची उत्तरं विचारणाऱ्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत होती, पण पूर्वी कधीतरी स्वतःच्या मनाने केल्यावर माझ्याकडून बोलणी खाल्ली होती म्हणून विचारून करणं सुरक्षित झालं होतं. म्हणजे सांगितलं तेवढंच करायची सवय मीच लावली होती. मग नियम केला, प्रश्न घेऊन या पण बरोबर तुमचं उत्तरही आणा. सुरुवातीला मला फार जड गेलं, उत्तर चुकीचं दिसायचं आणि जीभ दाताखाली धरून “कर, बघू” म्हणायचं. एका पोराने सांगितलं की अमुक पिठाच्या गिरणीची मोटर दर पाच महिन्यांनी बेअरिंग जाऊन येते, धूळ आत जाते, आपण दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं टू-आरएस बेअरिंग टाकू. मी नेहमीप्रमाणे नाही म्हणणार होतो कारण तिथे वर्षानुवर्षं उघडं बेअरिंगच जात होतं. टाकू दिलं. ती मोटर पुढे तीन वर्षं आली नाही. मालक म्हणून माझी तीन वर्षांतली सातेक बिलं गेली, आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारली, कारण बंद पडलेलं चालू ठेवणं हेच जर आपलं काम असेल तर त्याने माझ्यापेक्षा चांगलं काम केलं होतं. त्यानंतर प्रत्येकाला एका ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचा निर्णय मला न विचारता घ्यायची मुभा दिली. गैरवापर? एकदा झाला, इतक्या वर्षांत.

चुकांबद्दल. एमी एडमंडसन या संशोधकांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला, अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील, आणि दिसलं उलट, चांगल्या टीमच्या चुका जास्त नोंदलेल्या. पुढे खोदल्यावर लक्षात आलं की त्या टीममध्ये लोक चुका बोलून दाखवत होते आणि बाकीच्या टीममध्ये झाकत होते. माझ्याकडे एका मुलाने डेल्टाला चालणारी मोटर चुकून स्टारमध्ये जोडून पाठवली (कॉइल जोडायच्या या दोन पद्धती, स्टारमध्ये मोटरचा जोर कमी पडतो), त्याला निघाल्यावर शंका आली होती पण तो बोलला नाही, लोडवर मोटर ओढता ओढता गरम होऊन जळली. मी संतापलो, आणि मग त्याने सांगितलं की आदल्या आठवड्यात तुम्ही दुसऱ्याला सगळ्यांसमोर जे बोललात ते ऐकून मी गप्प बसलो. त्या जळलेल्या मोटरची निम्मी जबाबदारी माझी होती. आता दर शनिवारी वीस मिनिटं बसतो, आठवड्यात काय चुकलं ते बोलायचं, आणि सुरुवात मी माझ्या चुकीने करतो, आणि ती खरी लागते, “माझी चूक म्हणजे मी फार काम करतो” असली चालत नाही. पहिले दोन महिने फक्त मीच बोलत होतो. तिसऱ्या महिन्यात एकाने तोंड उघडलं. धीर धरा.

अजून एक, सगळ्यांनी पेटून उठावं ही अपेक्षा सोडा. एमी व्रेझ्नेव्स्की या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९७ च्या अभ्यासात लोक आपल्या कामाकडे तीन प्रकारे बघताना दिसले, पगारासाठीची नोकरी, वर चढायची शिडी, किंवा अंतरीची ओढ, आणि हे तीन गट साधारण सारख्याच आकाराचे होते, अगदी एकाच हुद्द्यावरच्या लोकांमध्येसुद्धा. माझ्याकडे एक जण आहे, बरोबर वेळेवर येतो, बरोबर वेळेवर जातो, त्याचा जीव त्याच्या घरात आणि भजनाच्या ग्रुपमध्ये आहे, आणि त्याच्या हातचं कनेक्शन आजपर्यंत सैल निघालेलं नाही. त्याच्याकडून मी प्रेम मागत नाही, त्याच्या कामाचा मान ठेवतो आणि सहानंतर फोन करत नाही. ज्यांना शिडी हवी त्यांना पुढचं शिकवा, ते एक दिवस सोडून जातील हे धरून शिकवा. माझा एक चांगला पोरगा असाच स्वतःचं दुकान काढायला गेला, आमचे चार महिने हाल झाले, पण मागे राहिलेल्यांनी बघितलं की इथे शिकता येतं आणि मालक अडवत नाही.

आणि नऊपैकी एखादा असा असेल जो मुद्दाम दुसऱ्यांचं काम बिघडवतो, टोमणे मारतो, नव्याला टिकू देत नाही, तर त्याच्यावर मोटिवेशनचा काही उपाय नाही. स्पष्ट बोला, मुदत द्या, त्याचं देणं पूर्ण द्या आणि मोकळं करा. मी असा एक माणूस चौदा महिने ठेवला कारण त्याचा हात चांगला होता, त्या काळात दोन चांगले लोक सोडून गेले.

सुरुवात कुठून करायची ते सांगतो. या आठवड्यात दोन ओळींची वही सुरू करा आणि एक सकाळ मशीनवर बसा. उधारीची यादी काढा. बोर्ड उतरवून ठेवा, वाक्य नंतर लिहू, तुमचे लोकच सांगतील. शाळा उघडून तीन-चार महिने झाले असतील तर बॅगांची अवस्था बघायला हीच वेळ बरोबर आहे, एका शाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि जाताना पट्ट्याचं काम करणाऱ्याला आणि चेन बसवणाऱ्याला बरोबर न्या, तुम्ही एकटे जाऊन येऊन सांगू नका. तिथे मुलांना दोनच गोष्टी विचारा, बॅगेचं आधी काय बिघडलं आणि मग तू काय केलंस. उत्तरं त्या दोघांनाच लिहून घेऊ द्या. इन्सेंटिव्हला मात्र या महिन्यात हात लावू नका, आधी गेल्या बारा महिन्यांत कोणाला किती गेला ते काढा, तो तक्ता तयार झाला की आकडे टाका, पगारात कसा मिसळायचा ते बसून बघू.